पाणी फिरवलं तो पावसाळा

सकाळपासून झड लागली आहे. जालन्यात अशी झड रोज लागत नाही, त्यामुळे आमची गल्ली सगळी दारात उभी आहे. पन्हाळीखाली पिंपं लागली, पिंपं भरल्यावर घागरी, घागरींनंतर स्वयंपाकघरातली पातेली. शेजारच्यांनी तर लहान मुलाला अंघोळ घालायचा टबसुद्धा अंगणात काढला आहे. मी गटारीपाशी उकिडवा बसलो आहे आणि माझ्या हातात पट्टी आहे.

पट्टी म्हणजे बोटभर लांबीचा पिवळसर कागद. आंबट पाण्यात बुडवला की तो तांबडा होतो, खाऱ्या किंवा चुनखडीच्या पाण्यात हिरवा-निळा. जालन्याच्या गटारीत तो तांबडा व्हायचं काही कारण नाही. इथली जमीनच चुनखडीची. हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी बुडवतो. हिरवा होतो. थोडं पुढे सरकून दुसरा बुडवतो.

"आता गटारीची बी तब्येत बघून राह्यलात का?" बायको दारातून म्हणाली. तिचं माहेर अंबडचं. टोमणा मारताना ती आवाज चढवत नाही. "या आत. च्या निवून राह्यला. सुमनबाईचा फोन आला तर मी देते ना आणून."

म्हणजे तिलाही ठाऊक आहे, मला बसवत का नाही ते.

सुमनबाई इथून फार लांब, चंद्रपूरच्या बाजूला एका गावात राहतात. गावातल्या बायकांच्या मच्छीमार संस्थेच्या त्या प्रमुख. त्यांच्या तलावाला पाणी आणणारा एक नाला आहे आणि नाल्याच्या वरच्या अंगाला दगडी कोळशाची उघडी खाण आहे. काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात मी त्यांना तो नाला बंद करायला सांगितला. तेव्हापासून दर पावसाळ्यात त्यांचा एकच प्रश्न असतो, नाला उघडू का? आणि माझं एकच उत्तर, अजून नाही. यंदा तलावाचं बूड उघडं पडलंय, असं त्या मागच्या फोनवर म्हणाल्या. यंदाही नाही म्हटलं तर तलाव जाईल. हो म्हटलं आणि चुकलं तर मासे जातील. दोन्हीपैकी काय होईल ते तिथे होईल. मी इथे जालन्यात, गटारीपाशी.

माती आणि पाणी तपासायची आमची लहानशी प्रयोगशाळा आहे. आमची म्हणजे माझी आणि अन्वरची. अन्वर जुन्या जालन्यातला. घरी उर्दू, कामावर मराठी, चिडला की दोन्ही. रसायनाची बाजू त्याची, आकड्यांची माझी. मी प्रत्येक मोजणी दोनदा करतो म्हणून तो मला गुरुजी म्हणतो. आमच्याकडे येतात ते मोसंबीवाले, नाहीतर नव्या बोअरचं पाणी बाटलीत घेऊन आलेले लोक. सगळ्यांचं दुखणं साधारण एकच, पाणी खारं, जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट झालेली. त्यामुळे खाणीचं काम आलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. एका मोठ्या कामाचा तो लहान तुकडा होता. कोळशाच्या वरची जी माती आणि खडक काढून टाकतात, त्यात काय आहे ते तपासायचं, आणि त्यावर पडलेला पाऊस वाहून कुठे जातो ते मोजायचं. "एक बारिशचं तर काम हाय," अन्वर म्हणाला. "जाऊन येऊ."

त्या खाणीच्या काठावर पहिल्यांदा उभा राहिलो तो ज्येष्ठातल्या कडक उन्हाचा दिवस होता. खाली बघितलं आणि मला विहीर आठवली. फक्त ही विहीर इतकी रुंद, की पलीकडच्या काठावरचे डंपर मुंगळ्यांएवढे दिसत होते. बाकी थर विहिरीसारखेच. सगळ्यात वर काळी. तिच्याखाली पिवळी चिकणमाती. मग वाळूचा मऊ खडक, मग करडा, आणि सगळ्यात खाली, थेट कोळशाच्या डोक्यावर, काळ्या पापुद्र्यांचा एक थर. हातात घेतला की त्याचे पापुद्रे सुटत आणि मधूनच पितळी ठिपके चमकत.

माती-खडक काढून टाकायचं काम ज्यांच्याकडे होतं ते बोरकरसाहेब आमच्यासोबत होते. नागपूरचे, पोट सुटलेले, मनाने मोकळे. त्यांनी हात वरपासून खालपर्यंत फिरवला.

"हे सगळं ओबी, साहेब. ओव्हरबर्डन. कोळसा लागेपर्यंत जे निघेल ते ओबी."

"वरची काळीसुद्धा?"

"काळी, पिवळी, गोरी, सावळी, सगळी ओबी," ते हसत म्हणाले.

ओव्हरबर्डन, म्हणजे वरचं ओझं. तो शब्द मला पुढे कितीतरी दिवस चावत राहिला. कोळशाच्या बाजूने पाहिलं तर ते ओझंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण ज्या काळीच्या हातभर पट्ट्यासाठी आमच्याकडे भाऊ भावाशी बोलत नाही, ती कुणाच्या तरी डोक्यावरचं ओझं असू शकते, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

आमचं मूळ गाव हसनाबाद. मी शाळेत असताना आमच्या शेतात विहीर खोदली गेली. पहिली कुदळ पडायच्या आधी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खोदणाऱ्यांना एकच गोष्ट बजावली होती, "काळी येगळी टाका, मुरूम येगळा." आमच्याकडे ती रीतच आहे. काळी पुन्हा शेतात पसरायची, मुरूम वाटेवर टाकायचा, दगड बांधाला लावायचे. घाईत कुणी काळीवर मुरूम ओतला तर त्याचं हसं होई. "काळी खाली गेली का मंग नातवाला बी सापडत न्हाई," अप्पा म्हणत.

खाणीत नेमकं उलट चाललं होतं, आणि त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. जे आधी निघतं ते आधी टाकलं जातं, एवढंच. काळी आधी निघाली, ती ढिगाच्या तळाशी गेली. तिच्यावर पिवळी, पिवळीवर वाळूखडक. आणि शेवटी निघालेला तो पितळी ठिपक्यांचा थर ढिगाच्या माथ्यावर जाऊन बसला, उन्हापावसात. जमीन उचलून जशीच्या तशी पालथी घातल्यासारखी. ढीग कसला, डोंगरच होता तो. त्याच्या एका कोपऱ्याचा उतार सुमनबाईंच्या नाल्याकडे होता.

अन्वरची एक सवय आहे. नमुना हातात आला की आधी त्यावर आम्लाचा एक थेंब सोडतो आणि कान जवळ नेतो. आमच्या मातीत चुनखडी इतकी, की थेंब पडताच ती फसफसते. याला तो मातीचं बोलणं म्हणतो. खाणीतल्या नमुन्यांपुढेही तो तसाच बसला. पिवळी थोडी बोलली. वाळूखडक पुटपुटला. त्या काळ्या पापुद्र्यांवर थेंब पडला, तो पडल्या जागी तसाच बसून राहिला.

"गुरुजी, हे तर बिलकुल मुकं हाय."

"पुन्हा टाक."

"तुम्ही सांगितलं म्हणून काय बोलायला लागंल का ते?" म्हणाला, पण टाकला. शांत.

चुना नसणं ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी त्या पितळी ठिपक्यांत होती. लोखंड आणि गंधक यांचं ते खनिज. जमिनीत खोल, हवेपासून लांब असेल तोवर गरीब गाय. हवा आणि पाणी लागलं की त्यातून गंधकाचं आम्ल सुटायला लागतं, आणि ते थांबेल कधी, हे आपल्या हातात राहत नाही. अन्वरने खलात थोडी पूड केली, चंचुपात्रात घेतली, वर पेरॉक्साइड ओतलं. बराच वेळ काही नाही. मग खाली विस्तव नसताना ते उकळायला लागलं. उकळी बसल्यावर पट्टी बुडवली, ती लालभडक. आम्ही दोघं खाऱ्या जमिनींशी भांडण्यात केस पांढरे केलेली माणसं. आंबट जमीन आम्ही फक्त पुस्तकात वाचली होती.

सुमनबाई पहिल्यांदा भेटल्या त्या नाल्यावरच्या मोरीवर, म्हणजे रस्त्याच्या लहानशा पुलावर. मी नाल्याच्या पात्राची रुंदी मोजत होतो. डोक्यावर टोपली, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि नजर सरळ माझ्या टेपवर.

"कायचं माप घेऊन राहिले जी?"

सांगितलं. खाण, माती, आंबट पाणी. त्यांनी टोपली उतरवली आणि मोरीच्या कठड्यावर बसल्या. तलावाच्या कडेला त्यांचा एक लहान हौद होता, त्यात रोहू आणि कटल्याचं बीज वाढत होतं. ते बोटाएवढं झालं की त्याला बोटुकली म्हणतात. पाऊस येऊन नाल्याचं पाणी तलावात उतरलं की बोटुकली तलावात सोडायची, आणि मग थंडी संपता संपता जाळं टाकायचं. गावातल्या साऱ्या संस्थेचं वर्ष त्या हौदात होतं.

"मंग सांगा न जी, सोडू का?"

"आत्ताच नाही सांगता येणार."

"सांगता येत नाई तर मोजून कायले राहिले?"

अन्वर मागे उभा राहून खोकल्यासारखं हसला. त्यांना मी पट्ट्यांची एक डबी दिली. पट्टीशेजारी रंगांचा तक्ता असतो, रंगाखाली आकडा. आकड्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. रंगांवरून बोट फिरवलं, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा. "ही मिरची. ही शेंदरी. ही हयद. हा कोवया धानाचा रंग. समजलं. धान आलं तर बरं, मिरची आली तर तुमचं नाव घ्यायचं."

बोरकरांना आम्ही लिहून दिलं ते सरळ होतं. काळे पापुद्रे यापुढे वेगळे काढायचे आणि खाणीच्याच तळात खोल पुरायचे, हवा लागणार नाही असे. माथ्यावर जे आधीच पडलेत त्यांच्यावर पिवळी पसरून रोलरने घट्ट दाबायची. डोंगराभोवती चर खणायची, चरीत चुन्याचे दगड टाकायचे, आणि चरीचं पाणी एका तळ्यात नेऊन गाळ खाली बसू द्यायचा. अशा चरीला खाणीत गारलँड म्हणतात, म्हणजे हार.

"डोंगराले हार घालायला लावता," बोरकर म्हणाले, "आरती बी ओवाळू का?" पण माणूस कामाचा. दुसऱ्या दिवशी चर खणायला सुरुवात झाली. पिवळीही पसरली जाऊ लागली. आणि पाऊस आला, नेहमीपेक्षा लवकर.

त्या दिवसांतली अस्वस्थता अजून माझ्या पायांत आहे. खाणीच्या विश्रामगृहाला पुढे एक लांब व्हरांडा होता, त्यात मी येरझाऱ्या घालायचो. एका टोकाला डोंगर दिसायचा, दुसऱ्या टोकाला आभाळ. पिवळी अर्ध्या माथ्यावर पसरून पडलेली, ओली कच्च. रोलर उभा. पाऊस थांबायला हवा होता. एवढं साधं वाक्य, पण मला ते मनातसुद्धा नीट म्हणता येत नव्हतं. जालन्याचा माणूस पाऊस नको म्हणत नाही. अति झालं तर उघडीप पाहिजे म्हणतो. म्हणजे पाऊस राहावा, फक्त जरा उसंत द्यावी.

बायकोचा फोन यायचा. "इकडं ढग बी न्हाई. तिकडं पडून राह्यला ना? जरा इकडं धाडा की." मी बरं म्हणायचो. तिच्या मागे नळाखाली ठेवलेल्या रिकाम्या हंड्याचा आवाज ऐकू यायचा.

अन्वरची पंचाईत माझ्याहून मोठी होती. जुन्या जालन्यात त्याच्या मोहल्ल्यात पावसासाठी नमाज झाली होती. "अम्मी तिकडं बारिश मागून राह्यली," तो म्हणाला, "आन् मी इकडं बस कर म्हणून राह्यलो. एकाच घरचे दोन अर्ज. वरच्यानं कुणाचं ऐकायचं?"

"आईचं ऐकेल."

"मंग आपलं काम गेलं, गुरुजी."

पिवळी चिकणमाती ओली असताना दाबली तर रोलरला चिकटून उचलली जाते. पार वाळल्यावर दाबली तर तडकते, आणि तड्यांतून पाणी सरळ त्या काळ्या पापुद्र्यांपर्यंत. या दोन्हींच्या मधे मातीची एक वेळ असते. आमच्याकडे तिला वाफसा म्हणतात. पाऊस पडून गेल्यावर माती पायाला चिकटत नाही आणि ढेकळंही धरत नाही, तेव्हा शेतकरी म्हणतो, वाफसा आला. पेरणी, कोळपणी सगळी त्यावर. इंजिनिअरांकडे यासाठी आकडा असतो आणि तो आम्ही काढलाही होता. पण आकडा काढायला माती भट्टीत वाळवून वजन करावं लागतं, आणि तेवढ्यात आभाळ बदलायचं.

सुमनबाईंना हे सांगत होतो तर त्या म्हणाल्या, "वाफसा म्हंजे का जी?" समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. "आमच्या धानाले चिखल पायजे. मासोयीले पाणी पायजे. तुमचा वाफसा ना चिखल ना पाणी. कायच्या कामाचा तो?" मग हौदाकडे बोट दाखवलं. बोटुकली दाटीवाटीने वर येऊन तोंडं उघडत होती. "याईले थांब म्हणा. तुमचा वाफसा येऊन राहिला म्हणा."

एकदाची उघडीप मिळाली. डोंगरावर ऊन पडलं, पिवळीतून वाफ निघायला लागली. बोरकरांनी विचारलं, "चालवू रोलर?" मी मूठभर माती घेतली, लाडू वळला, कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. लाडू पडला आणि चपटा होऊन बसला.

"आज नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाडू. पडला, कडेने चिरला. "दुपारी."

"कामाच्या नोंदीत लिहू काय मी?" बोरकर वैतागले. "साहेबांचा लाडू फुटला नाही म्हणून काम बंद?" रोलरवाल्यांनी तोवर त्याला लड्डू टेस्ट असं नाव ठेवलं होतं. दुपारी मी माथ्यावर उभा राहून लाडू सोडला, तो पडून चार-सहा तुकड्यांत मोकळा झाला. कुणीतरी मागून टाळी वाजवली. रोलर फिरायला लागला. माझ्या बुटाला माती चिकटत नव्हती. हसनाबादेत तिफणीमागे चालताना पायाखाली लागायची तीच माती जणू, मोकळी, गार, दाबली की बसणारी. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं, जमेल.

माथा बहुतेक झाला. नाल्याकडचा तो कोपरा राहिला होता. तेव्हाच खाणीच्या तळात साठलेलं पाणी वाढायला लागलं, खाली माणसं होती, मशिनं होती. पंप उतरवायला, वाट दाबायला रोलर आणि डोझर दोन्ही खाली बोलावले गेले. बोरकर माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या सकाळी पहिल्यांदा तुमचा कोपरा." ते मनापासून म्हणाले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मशिनं खालीच नेली असती.

आभाळाने सकाळपर्यंत वाट पाहिली नाही. असा पाऊस मी जालन्यात कधी पाहिला नाही. आमच्याकडे पाऊस पडतो, तिकडे तो उभा राहतो. दाबलेल्या माथ्यावरून पाणी स्वच्छ घसरून चरीत जात होतं. उघड्या कोपऱ्यातून मात्र चहाच्या रंगाचं पाणी निघालं. चरीतल्या चुन्याच्या दगडांवर पहिल्यांदा फेस आला. अन्वर भिजत वाकून ऐकत होता. "बोलून राह्यले," तो ओरडला. थोड्या वेळाने दगडांवर तांबूस गंज चढला आणि ते गप्प झाले. लोखंडाची साय धरली की आतला चुना आम्लाला सापडत नाही. चरीचं पाणी गाळाच्या तळ्यात, तळं भरत आलेलं, आणि तळ्याच्या सांडव्याखाली नाला.

आम्ही धावत मोरीवर गेलो. सुमनबाई आधीच तिथे होत्या, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात पट्टी. त्यांनी ती माझ्यासमोर धरली. शेंदरी. मिरचीच्या अलीकडची. तळं सांडायच्या आधीच त्याच्या बांधातून झिरपलेलं पाणी नाल्यात पोचलं होतं.

मी हिशोब केला. पाऊस असा किती वेळ चालेल, तळं कधी सांडेल, त्यात डोंगराचं पाणी किती आणि रानाचं किती, तलावात मिसळल्यावर काय उरेल. दोनदा केला. दोन्ही वेळा उत्तर एका आकड्यावर येऊन अडत होतं, आणि तो आकडा पावसाचा होता. तो कुणाकडेच नव्हता.

नाल्याला खालच्या अंगाला एक जुना फाटा होता, बंद पडलेल्या एका खाणीच्या खड्ड्याकडे जाणारा. तलावाचं तोंड बुजवलं तर पाणी तिकडे वळलं असतं.

"नाला बंद करा," मी म्हणालो. "पाणी फिरवा."

सुमनबाईंनी पट्टी कमरेला खोचली. "सायब, तुमी त्या दुष्काई मुलखातले ना जी?"

"हो."

"अन् तुमी म्हणता पाणी फिरवा?"

"हो."

"वरसाचं पाणी हाय हे. आता फिरवलं तर मागून येईलच असं नाई."

"ठाऊक आहे."

अन्वर माझ्याकडे बघत नव्हता. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर, पाणी अडवा आणि जिरवा, असं लिहिलेलं एक जुनं कॅलेंडर आहे, त्याची मला तिथे उगाच आठवण झाली. भरून वाहणारं पाणी समोर असताना ते तलावात येऊ देऊ नका, असं आमच्या सात पिढ्यांत कुणी म्हटलं नसेल.

त्यांनी ओरडून बायकांना हाक मारली. वाळूची पोती आली, मातीची पाटीवर पाटी पडली. मी आणि अन्वरही पोती ओढायला लागलो. अन्वरचा पाय घसरून तो कमरेइतका पाण्यात गेला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "हा बोटुकला सोडला व कोणी?" सगळ्या हसल्या, काम न थांबवता. हळूहळू पाण्याने तोंड वळवलं. ते फाट्याकडे जाताना सुमनबाई बघत होत्या. "फिरवलं जी पाणी आमच्यावर," त्या म्हणाल्या. मराठीत याचा दुसरा अर्थ काय होतो, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्या वर्षी तलाव दुसऱ्या बाजूच्या ओहोळांवर भरला, अर्धामुर्धा. निम्मी बोटुकली त्यांनी पलीकडच्या गावच्या संस्थेला दिली, निम्मी सोडली. मासे जगले. लहान राहिले, पण जगले. नाला उघडा राहिला असता तर काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही. गाळाचं तळं सांडलं एवढं खरं. पण नंतर पाऊस ओसरला, आणि कदाचित तलावाने ते पाणी पचवलंही असतं. न झालेली गोष्ट मोजता येत नाही, आणि माझ्यासारख्याला तीच जास्त छळते. इथे आभाळ भरून आलं की मी घरातल्या घरात फिरायला लागतो. कपाटं उघडून बंद करतो. बायको म्हणते, "लागली तुमची खाण."

पुढच्या उन्हाळ्यात बोरकरांनी तो कोपरा झाकला. वाफसा बघून झाकला, लाडू टाकतानाचा फोटोही पाठवला. त्यावर काळीचा थर टाकला, गवत पेरलं. काळी आता ते वेगळी काढतात. ओबीच म्हणतात तिला, पण वेगळी काढतात. चरीतले गंजलेले दगड बदलले. तरी आत मुरलेलं आम्ल सावकाश निघत राहतं. पहिल्या वर्षी सुमनबाईंनी फोनवर सांगितलं, शेंदरी. पुढे जर्द हयद. मग फिकी हयद. त्यांनी एकदा पट्टीचा फोटो पाठवला होता, पण फोटोत रंग खोटा येतो. मी म्हटलं, फोटो नको, तुमच्या तोंडून सांगा. त्यांच्या हळदीवर माझा कॅमेऱ्यापेक्षा जास्त विश्वास बसला आहे. आणि पावसाळ्यातले पहिले दोन-तीन लोंढे जाऊ द्यायचे, असं मीच घालून दिलेलं पथ्य. उन्हाळाभर ढिगात साठलेलं पहिल्या लोंढ्यांत निघतं.

बायकोने फोन आणून दिला तेव्हा मी अजून गटारीपाशीच होतो.

"सायब, पाऊस हाय का जी तुमच्याकडे?"

"आहे. झड आहे."

"बापा! मंग आज तुमीच खुश असान." त्यांच्या मागे पाण्याचा आवाज होता, मोठा. "तिसरा लोंढा होय हा. पोट्टे ऐकून नाई राहिले जी. म्हणतात, तलावात शेण्या थापा आता. आज नाई उघडला तर मीच त्याईले का सांगू?"

"पट्टी बुडवली?"

"बुडवली न."

"मोरीपाशी की खाली?"

"मोरीपाशी. सांडव्यापाशी बी. तुमी इचारानच म्हणून."

"रंग?"

मी फोन कानाशी घट्ट धरला. गल्लीत कुणाचं तरी पिंप भरून वाहायला लागलं होतं आणि पोरं ओरडत होती.

"कोवया धानावानी हाय जी."

"हळदीकडे झुकत नाही ना?"

"अजी, जलमभर धान लावून राहिली मी. हयद कोणती अन् धान कोणतं, मले नाई समजत का?"

"पुन्हा एकदा बुडवा."

त्या हसल्या. काठावरच्या बायकांना काहीतरी म्हणाल्या, त्याही हसल्या. मग पाण्याचा आवाज जवळ आला, त्या खाली वाकल्या असाव्यात. मी उभा राहिलो. कशासाठी ते ठाऊक नाही. डोक्यावर छत्री नव्हती हे तेव्हा लक्षात आलं.

"धानच हाय," त्या म्हणाल्या. "आता सांगा."

आमच्याकडे हे वाक्य वर बघून म्हणतात. मी गटारीत बघत म्हणालो, "येऊ द्या पाणी."

त्यांनी फोन बंद केला नाही, कुणाच्या तरी हातात दिला असावा. फावड्याचा आवाज आला, ओल्या पोत्यात घुसल्यासारखा. पुन्हा आला. मग खूप बायका एकदम बोलायला लागल्या आणि त्यांच्याखालून पाण्याचा आवाज बदलला, अरुंद होता तो रुंद झाला.

"अहो, या ना आत," बायको म्हणाली. "झालं ना आता?"

आत गेलो. चहा पार निवला होता, तसाच उभ्याने प्यालो. मग अन्वरला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बसलात का मंग, गुरुजी?"

नाही बसलो. संध्याकाळची पट्टी अजून बाकी आहे.